पाव कुणाकडे होता?

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा माझ्याकडे राहायला आला होता. नुकताच सातवीत गेलेला, सदा भुकेला आणि सदा कंटाळलेला. चार वाजेपर्यंत त्याला उन्हात सोडायचं नाही अशी बहिणीची सक्त ताकीद, त्यात घरातलं इंटरनेट बंद पडलेलं. मग काय, गोष्टी. मी मुलांसाठी लिहिते, शाळा-वाचनालयांतून गोष्टी सांगायला जाते, त्यामुळे कुठली गोष्ट कुठे रंगते हे मला एव्हाना ठाऊक झालंय. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मून पुढे नामांकित लेखक-वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसची गोष्ट त्यातली खात्रीची. मालकाने शिकायला बंदी केलेला गुलाम मुलगा खिशात पाव लपवून रस्त्यावर येतो, गोऱ्या पोरांना गाठतो आणि पावाच्या तुकड्याच्या बदल्यात त्यांच्याकडून एकेक धडा शिकून घेतो. इथवर आलं की मुलं हमखास पुढे सरसावून बसतात. हा पठ्ठ्या सरसावला नाही. आंब्याची कोय चोखून चोखून पांढरी केली, ती ताटलीत ठेवली आणि म्हणाला, "मावशी, थांब. गुलाम कोण होता?"

"फ्रेडरिक."

"मग पाव त्याच्याकडे कसा? आणि ती पोरं तर मोकळी होती ना, त्यांच्याकडे का नव्हता?"

मी सांगितलं की मालकाच्या घरात पाव मुबलक असायचा आणि ती पोरं गरीब होती. त्याने कोपरापर्यंत ओघळलेला रस चाटला. "गोरी असून गरीब?" म्हणाला, आणि हात धुवायला उठून गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला असावा. माझ्या मात्र डोक्यात तो प्रश्न घर करून बसला. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, टाळ्या घेतेय, आणि त्या पोरांच्या पोटाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ती नुसती धडे देण्यापुरती आलेली. ती भुकेली होती म्हणून तर गोष्ट घडली.

मेरीलंड राज्यातल्या बाल्टिमोर बंदरालगतचा फेल्स पॉइंट. तिथल्या फिलपॉट स्ट्रीटवर जहाज बांधणाऱ्यांची वस्ती होती. फ्रेडरिक 1826 साली तिथे आला तेव्हा आठेक वर्षांचा होता. ह्यू ऑल्ड आणि सोफिया ऑल्ड यांच्या धाकट्या टॉमीला सांभाळायचं हे त्याचं काम. सोफिया लग्नाआधी विणकाम करून पोट भरणारी बाई, गुलाम बाळगायची तिला सवय नव्हती. गुलामाने मान वर करून बोलू नये हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून तिने या पोराला सरळ जवळ बसवून मुळाक्षरं शिकवायला घेतली. तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत गाडी आली आणि नवऱ्याला सुगावा लागला. त्याने फ्रेडरिकच्या देखतच बायकोला समज दिली: हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामातून गेला, मग याला कुणी धरून ठेवू शकणार नाही. ऑल्डला वाटलं आपण बायकोला शहाणं करतोय. शहाणा झाला तो कोपऱ्यात उभा असलेला पोरगा. मालकाला ज्याची इतकी भीती वाटते तेच आपण मिळवायचं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढे सोफिया नवऱ्याहून कडक झाली. पोराच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की झडप घालून हिसकावून घ्यायची. डग्लसने नंतर तिच्याबद्दल लिहिलं त्यात राग आहेच, पण त्याहून जास्त हळहळ आहे. माणसाची मालकी हाती आली की चांगली बाई कशी बिघडते, ते त्याने अगदी जवळून पाहिलं होतं.

मग पाव. निरोप घेऊन कुठे धाडलं की तो पुस्तक बरोबर घ्यायचा, काम झपाझप उरकायचा आणि उरलेल्या वेळात धडा घ्यायचा. घरात पाव कायम असे, आणि त्याने घेतला तर कुणी अडवत नसे. याबाबतीत आपण शेजारच्या कित्येक गरीब गोऱ्या पोरांपेक्षा सुखी होतो, असं त्यानेच लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या भाच्याला पडलेलं कोडं खुद्द डग्लसला कोडं वाटत नव्हतं. तो ते रोज बघत होता. 1845 साली त्याने आपलं पहिलं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा या पोरांपैकी दोघा-तिघांची नावं कृतज्ञतेने द्यावीत असं त्याच्या मनात आलं, पण त्याने दिली नाहीत. माझं काही बिघडणार नाही, पण त्यांची पंचाईत होईल, म्हणाला. गुलामाला वाचायला शिकवणं हा या ख्रिस्ती देशात जवळजवळ अक्षम्य गुन्हा आहे. रस्त्याचं नाव दिलं, शेजारच्या जहाज-कारखान्याचं नाव दिलं, पोरांची नावं गाळली.

लिहायला शिकला ती गंमत तर मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. कारखान्यात सुतार लाकडाचा ओंडका तासून झाला की जहाजाच्या कुठल्या भागात तो बसायचा त्याचं अक्षर त्यावर घालून ठेवत. डाव्या बाजूचा असेल तर एल, उजव्या बाजूचा एस, डाव्या बाजूचा पुढचा असेल तर एल आणि एफ, मागचा असेल तर एल आणि ए. ही चार अक्षरं याने बघून बघून गिरवली. मग लिहिता येणारा कुणी पोरगा भेटला की छाती काढून म्हणायचा, मला तुझ्याइतकंच लिहिता येतं. तो म्हणायचा, दाखव. हा ती अक्षरं काढायचा आणि म्हणायचा, आता तू याच्यापुढे काढून दाखव. पोरगा फुशारकीने आणखी अक्षरं काढायचा आणि याला ती फुकटात मिळायची. कुंपणाची फळी, विटांची भिंत, फरसबंदी हे त्याचे कागद, खडूचा तुकडा ही लेखणी. पुढे टॉमी शाळेत जाऊ लागला, त्याच्या भरलेल्या वह्या घरात येऊन पडल्या. सोमवारी दुपारी मालकीणबाई प्रार्थनामंदिरातल्या सभेला गेल्या की हा त्या वह्या काढायचा आणि टॉमीने लिहिलेल्या ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत तेच हुबेहूब लिहायचा. मालकाच्या मुलाच्या वहीतली उरलेली जागा! या दृश्यावर मी नेहमी रेंगाळते.

पण पावाची गोष्ट सांगताना मी त्याचा एक गुण लपवत आले होते असं आता वाटतं. हा पोरगा पक्का व्यवहारी होता. समोरच्याला काय हवंय, आपल्याकडे काय आहे, कोण कशाने डिवचला जातो, सगळं हेरून होता. आपण मुलांना सांगतो तेव्हा त्याची 'ज्ञानाची तळमळ' करून टाकतो आणि पोराच्या डोक्यावर एक फिकट प्रभावळ चढवतो. मला तो सौदा जास्त आवडतो. सौद्यात दोन्ही बाजू ताठ मानेने उभ्या असतात.

आमच्या तालुक्याच्या शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. गणितात तिचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. तिच्याकडे डबा नसायचा. माझ्या डब्यात दोन पोळ्या, भाजी, लोणच्याची फोड, आणि माझ्या वहीत काळ-काम-वेगाची न सुटलेली उदाहरणं. आमचं कधी बोलणं झालं नाही, पण व्यवहार ठरून गेला. मधल्या सुट्टीत ती आधी माझी वही पुढे ओढायची. उदाहरण सुटून उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय तिने पोळीला कधी हात लावला नाही. एकदा मी लाडाने म्हटलं, आज गणित नाहीये, तशीच खा. तिने डबा माझ्याकडे सरकवला आणि पाणी प्यायला नळावर निघून गेली. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मग एखादं गणित काढायचं होतंस की वहीत." पुढे मी मुद्दाम उदाहरणं शिल्लक ठेवायला लागले. तिला ते कळत असणारच, इतकी हुशार मुलगी. पण दोन रेघा मारायची आणि जेवायची. फिलपॉट स्ट्रीटवरच्या पोरांनी पाव कसा खाल्ला असेल हे मनात आलं की मला तिच्या त्या दोन रेघा दिसतात.

भूक फ्रेडरिकला नवी नव्हतीच. बाल्टिमोरला यायच्या आधी तो मेरीलंडमध्येच, वाय नदीकाठी, कर्नल लॉइडच्या अफाट मळ्यावर होता. आजीने वाढवलं, आणि सहाव्या वर्षी तिनेच चालवत चालवत तिथे आणून सोडलं, कारण आणून सोडणं तिला भाग होतं. तिथे मक्याच्या पिठाची घाटी लाकडी डोणीत ओतून डोणी जमिनीवर ठेवत आणि पोरांना हाका मारत. कुणी शिंपल्याने, कुणी कौलाच्या तुकड्याने, बरीचशी नुसत्या हाताने. जो भरभर खाईल त्याचं पोट भरेल. स्वयंपाकघरातून पडलेल्या कणांसाठी तो नेप नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याशी झोंबायचा. थंडीत अंगात गुडघ्यापर्यंतचा जाडाभरडा सदरा, बाकी काही नाही. मका वाहून न्यायचं पोतं पळवून त्यात डोकं खुपसून झोपायचा, पाय बाहेर. पायांना इतक्या भेगा पडल्या होत्या की मी लिहितोय ती लेखणी त्यात सहज मावेल, असं त्याने लिहिलंय. टेबलाशी बसून लिहिणारा मोठा माणूस मधेच हातातली लेखणी आपल्या लहानपणीच्या पायाच्या भेगेत ठेवून बघतो. या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते.

स्वयंपाकघरावर केटी नावाच्या बाईचा अंमल होता. तीही गुलामच, पण हातात पळी होती. तिने एकदा काही अपराधावरून याला दिवसभर उपाशी ठेवलं. अंधार पडल्यावर याने मक्याचे चार दाणे मिळवून चुलीच्या निखाऱ्यात भाजायला टाकले, आणि दारात आई उभी. आई बारा मैलांवरच्या मळ्यात राबायची. दिवसभराचं काम संपवून रात्री एवढी वाट तुडवत यायची आणि उजाडायच्या आत परत कामावर हजर, नाहीतर फटके. तिने याच्या हातातले दाणे काढून घेतले, केटीला चांगलं फैलावर घेतलं आणि याला आल्याचा मोठा केक दिला. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, कडेने गडद चकचकीत वळी असलेला. इतक्या वर्षांनी त्याला केकची कड आठवते! आईच्या मांडीवर बसून त्याने तो खाल्ला. आपण नुसतं एक पोर नाही, कुणाचं तरी पोर आहोत, हे त्या रात्री कळलं म्हणतो. मांडीवर डोळा लागला, जाग आली तेव्हा आई निघून गेली होती. पुढे काही काळाने ती वारली, याला बघायलाही जाऊ दिलं नाही. आपली जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. म्हातारपणी त्याने फेब्रुवारीची 14 तारीख धरली, कारण आई त्याला लाडाने 'व्हॅलेंटाइन' म्हणायची. आणि एक गोष्ट त्याला आई गेल्यानंतर समजली, ती अशी की तिला वाचता येत होतं. त्या सगळ्या टापूतल्या गुलामांत वाचता येणारी ती एकटी. शेतावर राबणाऱ्या बाईला अक्षरं कुठून मिळाली, कशाच्या बदल्यात मिळाली, हे त्यालाही शोधून काढता आलं नाही.

भाचा गेल्यावर मी त्याचा प्रश्न घेऊन पुन्हा पुस्तकांत शिरले. पहिल्या आत्मचरित्रात उत्तर सापडत नाही. 1855 च्या दुसऱ्यात सापडतं, पण ते पावाजवळ नाही. पुढे, जहाज-कारखान्यातल्या मारामारीपाशी आहे.

1836 साल. मधल्या काळात बरंच होऊन गेलेलं. कव्ही नावाच्या माणसाकडे त्याला 'सरळ करायला' धाडलं होतं, तिथे सहा महिने चाबूक खाल्ल्यावर एके दिवशी त्याने उलटून कव्हीची गचांडी धरली. जवळजवळ दोन तास झटापट चालली आणि त्यानंतर कव्हीने त्याच्या अंगाला हात लावला नाही. पळून जायचा एक बेतही फसला, तुरुंग बघून झाला. आता तो परत बाल्टिमोरात, गार्डनर नावाच्या माणसाच्या कारखान्यात, जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम शिकत होता. तिथे गोरे आणि स्वतंत्र काळे सुतार आतापर्यंत खांद्याला खांदा लावून काम करत आले होते. एक दिवस गोऱ्यांनी हत्यारं खाली ठेवली: काळे असतील तर आम्ही काम करणार नाही. ती हवा शिकाऊ पोरांच्याही डोक्यात गेली. चौघांनी मिळून फ्रेडरिकला घेरलं. हातात विटा, दगड, अवजड ओझं हलवायचा दांडा. तो पडल्यावर एकाने डोळ्यावर बुटाची लाथ घातली, डोळा फुटल्यासारखा झाला. भोवती कितीतरी गोरे सुतार उभे राहून बघत होते. ऑल्ड त्याला घेऊन न्यायाधीशाकडे गेला (मालकाच्या मालाचं नुकसान झालं होतं ना), तर उत्तर मिळालं, गोरा साक्षीदार आणा. काळ्या माणसाची साक्ष चालत नव्हती. गोरा कोण बोलणार?

आणि इथे डग्लस थांबून स्पष्टीकरण देतो. गुलामांचे मालक गरीब गोऱ्या मजुरांना काळ्यांविरुद्ध चिथावत राहतात, त्यांना सांगतात की गुलाम सुटले तर तुम्हीही त्यांच्याच पातळीवर याल. प्रत्यक्षात त्यांची रोजी आत्ताच लुटली जातेय, कारण मजुरी न घेता राबणाऱ्या माणसाशी त्यांना स्पर्धा करावी लागते. गुलामाला त्याचा एक मालक लुटतो, गरीब गोऱ्याला सगळे मालक मिळून. ज्याचा डोळा नुकताच लाथेने सुजवला गेला होता, त्याने लाथ घालणाऱ्यांच्या पगाराचा हिशोब मांडलाय. बाल्टिमोरात पुढे तोही कमावता झाला. आठवड्याची मजुरी शनिवारी ऑल्डच्या हातावर ठेवायची. ऑल्ड मोजायचा आणि डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, एवढेच? कधी सहा डॉलर भरले तर त्यातले सहा सेंट परत द्यायचा. उत्तेजनार्थ! डग्लस म्हणतो, त्या सहा सेंटांनी माझा संताप वाढायचा, कारण ते देऊन तो एक प्रकारे कबूलच करत होता की सगळे पैसे माझे आहेत.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं असावं, कारण मधे एकदाही "हं" आला नाही. मग विचारलं, "मारणारी पोरं म्हणजे ती पाव खाणारीच का गं?" मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "पण नावंच दिली नाहीत ना त्याने."

वयं जुळतात. मला तेवढंच पुरेसं अस्वस्थ करणारं आहे. लहानपणी हीच पोरं त्याच्याभोवती बसायची, तेव्हा तो त्यांना विचारायचा, तुम्ही एकविसाव्या वर्षी मोकळे व्हाल, मी मात्र जन्मभर गुलाम, तुमच्याइतकाच हक्क मला नाही का? ती ओशाळायची, आणि काहीतरी होईल, तूही सुटशील म्हणून धीर द्यायची. पोरांच्यात कधीच कुणी मला गुलामगिरीची बाजू घेताना भेटला नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. मग ओशाळणाऱ्या पोरांचे हत्यारं खाली ठेवणारे सुतार कधी होतात? मोठं होता होता नक्की कुठे?

आता संपादकबाईंचं. एका बालदिवाळी अंकासाठी मी हे सगळं घालून नव्याने लेख लिहिला. त्यांचा फोन आला, आवाज गोड. "लेख छानच आहे हो. फक्त ती डोळ्यावरची लाथ, कुत्र्याशी भांडण आणि संप एवढं काढूया का? मुलांना झेपेल असं ठेवू. पाव, पुस्तक, पळून जाणं आणि शेवटी लिंकनची भेट, झालं की!" पळून जाण्याची गोष्ट मुलांना आवडतेच: 1838 चा सप्टेंबर, खलाशाचा लाल शर्ट, गळ्यात सैल रुमाल, दुसऱ्याचा परवाना खिशात आणि धावत्या गाडीत तपासनीस समोर. परवान्यावरचं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं, तपासनिसाने नीट बघितलं असतं तर संपलंच होतं. तो खलाशाचा वेश आणि प्रवासाचे पैसे ॲना मरे या स्वतंत्र काळ्या बाईच्या मदतीने जमले होते. लोकांकडे घरकाम करून तिने साठवलेले पैसे ते. फ्रेडरिक न्यूयॉर्कला पोचल्यावर तीही तिकडे गेली, बारा दिवसांत लग्न झालं. पुढे तो इंग्लंड-आयर्लंड गाजवत हिंडत होता तेव्हा तिने घरी बसून जोड्यांची शिवण करून मुलं पोसली. ती शेवटपर्यंत जवळजवळ निरक्षरच राहिली. ज्याने पाव देऊन अक्षरं मिळवली त्याच्या घरात चव्वेचाळीस वर्षं ती बाई पाव भाजत होती आणि अक्षरं तिच्यापर्यंत आली नाहीत, किंवा तिने येऊ दिली नाहीत. शिकवायचा प्रयत्न झाला होता म्हणतात. तिच्याबद्दल त्याने लिहिलंय फार थोडं. मुलीने, रोझेटाने, नंतर आईवर वेगळं लिहिलं म्हणून आपल्याला काही कळतं. मला यावरून त्याला धारेवर धरावंसं वाटतं आणि तसं करायचा मला काय अधिकार असंही वाटतं. संपादकबाईंच्या यादीत ॲना नव्हतीच, ना ठेवण्यात ना काढण्यात.

मुलांना काय झेपतं हे कोण ठरवतं? डग्लसचं दुसरं आत्मचरित्र निघालं त्याच 1855 साली इकडे 'ज्ञानोदय' नियतकालिकात मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या शाळेतली मुलगी, चौदा वर्षांच्या आसपासची. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरल्या जाणाऱ्या आपल्या मांग-महार माणसांबद्दल तिने लिहिलं, डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांबद्दल लिहिलं. आज हाच निबंध कुण्या चौदा वर्षांच्या मुलीने बालदिवाळी अंकाकडे धाडला तर? आमच्या संपादकबाई अतिशय आपुलकीने, तिला फोन करून, पाया आणि बाळंतपण तेवढं काढायला सांगतील. 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेत जोतिबांनी अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या ज्या सदाचारी लोकांचा मान केला, त्यांच्यात स्वतःच्या पायाने पळालेला हा माणूसही मी आपली धरून चालते. 'गुलामगिरी' निघालं तेव्हा, 1873 मध्ये, तो वॉशिंग्टनला राहत होता, पंचावन्न वर्षांचा. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असल्याचं कुठे दिसत नाही. पण हा पोरगा काय वयात काय सोसत आणि समजत होता हे जोतिबांना वेगळं समजावून द्यावं लागलं नसतं.

लेख मी परत घेतला. नव्याने लिहितेय, आणि यावेळी पावापासून सुरुवात करणार नाही. सुरुवात रोझेटापासून.

1848 चा सप्टेंबर. डग्लस आता रॉचेस्टरला, स्वतःचं 'नॉर्थ स्टार' हे वर्तमानपत्र चालवतोय. नऊ वर्षांच्या रोझेटाला त्याने तिथल्या सेवर्ड सेमिनरी या मुलींच्या शाळेत घातलं आणि तो गावाला गेला. परत येऊन विचारलं, कशी आहे शाळा? ती म्हणाली, बरी आहे, पण बाई मला बाकीच्या मुलींच्या खोलीत बसू देत नाहीत, मी काळी म्हणून. एका खोलीत तिला एकटीला बसवून शिकवत होते. तो मुख्याध्यापिकेकडे गेला. बाईंनी शेवटी मुलींवर सोपवलं, त्यांना एकेकीला विचारलं. कुणाचीच हरकत नव्हती. रोझेटाने कुणाशेजारी बसावं असं विचारल्यावर मुली म्हणू लागल्या, माझ्याशेजारी, माझ्याशेजारी. आता खरं म्हणजे प्रश्न मिटला होता. पण बाईंनी मग पालकांना विचारायचं काढलं, आणि एकाने जरी नकार दिला तरी मुलगी शाळेत राहणार नाही असं ठरवलं. एकानेच दिला.

फिलपॉट स्ट्रीटच्या पोरांची नावं जपून गाळणाऱ्या डग्लसने या गृहस्थाला जाहीर पत्र लिहिलं आणि 'नॉर्थ स्टार'मध्ये छापलं. वर ठळक नाव: एच. जी. वॉर्नर. खाली हुद्दा: 'रॉचेस्टर कुरियर'चे संपादक. मुलींनी काय म्हटलं, पालकांपैकी एकट्या तुम्ही काय म्हटलंत, सगळं क्रमवार. आणि हेही कळवलं की माझ्या मुलीला त्या शाळेतून काढल्यावर पाच तास व्हायच्या आत दुसऱ्या, तितक्याच चांगल्या शाळेने तिला घेतलं.

हा भाग संपादकबाई ठेवतील असा माझा अंदाज आहे. यात रक्त नाही, चाबूक नाही. फक्त एक संपादक आहे.